गोठ्यामागची दोरी

आमच्या घरी कपडे वाळत घालायला दोन दोऱ्या होत्या. एक अंगणात, निंबाच्या फांदीपासून ओसरीच्या खांबापर्यंत ताणलेली. तिच्यावर धोतरं, लुगडी, आमचे सदरे. दुसरी गोठ्यामागे, कडब्याच्या गंजीच्या आडोशाला, कमरेएवढ्या उंचीवर. तिच्यावर जुन्या लुगड्यांच्या हातभर लांब पट्ट्या वाळत आणि वरून एक फाटकं पोतं पांघरलेलं असे. तिकडं जाऊ नका, साप निघतो, असं आम्हाला सांगितलेलं होतं. आम्ही सात भावंडं त्या सापाला घाबरूनच मोठी झालो.

गेल्या दिवाळीला सगळे गावी जमलो. वसमत तालुक्यातलं आमचं गाव. आता तिथं माय आणि आत्या दोघीच असतात. बाकीचे नांदेड, हिंगोली, पुणे असे पांगलेले. रात्री ओसरीवर बोलता बोलता थोरल्या दादानं विचारलं, "त्या पट्ट्या कशाच्या होत्या, माहीत आहे का कुणाला?" सातापैकी पाचजणांना माहीत होतं. पाचांना वेगवेगळ्या साली, घरातल्या वेगवेगळ्या बाईनं सांगितलेलं, आणि प्रत्येकानं ते आजवर पोटात ठेवलेलं. त्या रात्री आजी, थोरल्या काकू, मधल्या काकू, माय आणि आत्या या पाचजणींचं दुखणं आम्ही तुकडा तुकडा जोडत बसलो. मायनं आणि आत्यानं मधूनमधून दुरुस्त्या केल्या. लिहायलाही त्यांनीच सांगितलं.

आजीचं आंग बाहेर येत होतं. आमच्याकडे असंच म्हणतात. गर्भाशय जागा सोडून खाली सरकतं, पुढंपुढं तर बाहेर दिसायला लागतं. परभणी-हिंगोलीकडच्या बाईला त्यासाठी एकच शब्द आहे, आंग. साऱ्या देहालाही तोच शब्द. अंग धुतलं, अंग टाकलं, अंग मोडून काम केलं, आणि आंग बाहेर आलं. लाजेपोटी अवयवाचं नाव टाळलं म्हणून हा शब्द आला असेल, पण मला तो फार खरा वाटतो. दिवसभर काही तरी निसटतंय, ते सावरत सावरत चालायचंय, बसायचंय, शिंकायचंय, ही अवस्था एका अवयवापुरती राहतच नाही. आजी कधी मांडी घालून बसल्याची कुणालाच आठवण नाही. ती पाटावर एका कुशीवर रेलून बसे. हसताना ओटीपोटाला हात लावी. आम्हाला वाटे, ती तिची हसायची लकब आहे.

पट्टी चौपदरी करून, लंगोटासारखी घट्ट बांधून ती आंग आत धरून ठेवी. लघवीला जायचं तर आधी ते बोटांनी आत सारावं लागे. कापड घासून घासून जखम होई, मग तुरटीच्या पाण्यात बसणं, बाभळीच्या सालीचा काढा. हे सगळं आम्हाला आत्यानं सांगितलं, कारण आजीच्या शेवटच्या वर्षात त्या पट्ट्या आत्याच धुवत होती. आजीची नऊ बाळंतपणं झाली, पाच लेकरं जगली. निजामाच्या राज्यावरच्या पोलिस ॲक्शनच्या साली आत्या पोटात होती. तिच्या जन्मानंतर दीड-दोन वर्षांत आंग खाली यायला लागलं, असा आजीचा हिशोब होता. ती गेली 1988 मध्ये. म्हणजे सदतीस-अडतीस वर्षं एक बाई पट्टी बांधून जगली. आजोबांना हे माहीत होतं का, असं दादानं त्या रात्री विचारलं. आत्या म्हणाली, "माहीत नसंल का? पण इचारलं न्हाई."

आपल्याच घरचं हे काही तरी वेगळं दुखणं, असं त्या पाचजणींना आयुष्यभर वाटत राहिलं. पण तसं नव्हतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापले. 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, एकेकीला सरासरी तीनपेक्षा अधिक. आणि आधी कधी एकदा तरी त्यासाठी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त 8 टक्के. हा अभ्यास जगभर वाचला गेला. आजी गेली त्याच्या पुढच्याच वर्षी तो छापून आला, याचं मला अजून वाईट वाटतं. तो आधी आला असता तरी आजीपर्यंत पोचला नसता, हे कळत असूनही वाटतं.

सुनांचं आणि आत्याचं दुखणं सुरू झालं ते बहात्तरच्या दुष्काळात. त्या वर्षी शेतात काहीच नव्हतं, आणि शेतकऱ्याच्या घरची बाई पहिल्यांदा दुष्काळी कामावर गेली. थोरल्या काकू, मधल्या काकू आणि त्याच साली कुंकू पुसून माहेरी परतलेली आत्या, तिघी खडी फोडायला जात. उकिडवं बसून दिवसभर हातोडी चालवायची, मग घमेलं भरून डोक्यावर. खायला लाल मिलो ज्वारी आणि सुकडी. मधल्या काकूंच्या अंगावर तेव्हा महिन्याचं लेकरू होतं. सव्वा महिना पुरा व्हायच्या आत त्या कामावर गेल्या. बाळंतपणात सैल पडलेलं ओटीपोट आवळून यायला सवड लागते. त्या सवडीच्या आतच घमेलं उचललं की पुढं काय होतं ते आता कुठल्याही डॉक्टरला विचारा. पाऊस परत आला तरी ओझी थांबली नाहीत. पाण्याच्या घागरी, सरपणाचे भारे, आणि माघ-फाल्गुनात हळद. आमच्या भागाचं नाव हळदीनं झालं. पण काहिलीत शिजवायला आणि वाळवायला नेलेल्या त्या ओल्या हळदीच्या टोपल्या बायांनीच वाहिल्या. त्यात चुलीच्या धुरानं लागलेला जुना खोकला. प्रत्येक खोकल्यासरशी खाली दाब. आणि पाळी गेली की आतले पडदे, स्नायू आणखी पातळ होतात, म्हणून चाळिशीत दाबून ठेवलेलं दुखणं साठीत उघडं पडतं.

त्याच 1972 साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया दुर्बिणीतून पोटात बघायला लागले होते. आमच्या बाया खडी फोडत होत्या, त्याच वर्षी. हे मी खूप नंतर वाचलं आणि आत्याला सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली.

दुर्बीण हा शब्द आमच्या घरात आला तो कुटुंब नियोजनाच्या शिबिरातून. 1983 मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात शिबिर भरलं होतं. मायचं ऑपरेशन तिथंच झालं. बेंबीजवळ एक बारीक छेद, एक टाका, आणि संध्याकाळी ती बैलगाडीतून घरी. त्या काळात मुंबईचे डॉ. प्रवीण मेहता अशी शिबिरं घेत गावोगाव फिरत होते; त्यांच्या एकट्याच्या हातून दुर्बिणीनं अडीच लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्याची नोंद 1989 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आहे. मायच्या शिबिराचे डॉक्टर कोण होते ते तिला आठवत नाही. आठवतं ते आजीचं बोलणं. मायसोबत आजी गेली होती. तिनं नर्सबाईला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, या दुर्बिणीनं आंग वर घेता येतं का हो?" नर्सबाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "आजी, इथं नाही होत. नांदेडला न्या म्हणावं." म्हणजे आजीनं विचारलं होतं. एकदा तरी विचारलं होतं. पण हे मायनं घरी कुणाला सांगितलं नाही, आणि आजी नांदेडला गेली नाही.

का गेली नाही, त्याचं एक कारण तीन वर्षांनी घरातच घडलं. थोरल्या काकूंना गर्भपिशवीत गाठी झाल्या. महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जाई. चेहरा हळकुंडासारखा पिवळा पडला. 1986 मध्ये त्यांना मीटरगेजच्या गाडीनं पूर्ण्याला आणि तिथून नांदेडला नेलं. बेंबीपासून खालपर्यंत उभा छेद घेऊन पिशवी काढली. काकूंचा जीव वाचला, हे आधी म्हटलं पाहिजे. पण आमच्या घरानं लक्षात ठेवलं ते बाकीचं. टाक्यात पू झाला. बारा-तेरा दिवस दवाखान्यात, दोन महिने खाटेवर, आणि पुढं छेदाच्या जागी पोट फुगून आलं ते आयुष्यभर. परतल्यावर काकूंनी जावांना एकच सांगितलं, "मेलात तरी चालंल, पोट फाडू देऊ नका." त्या एका वाक्यानं या घरातल्या बाकीच्या बायांना अठ्ठावीस-तीस वर्षं घरात बसवलं. मी काकूंना दोष देत नाही. त्यांनी भोगलेलंच सांगितलं.

कुणी त्यांना हे सांगायला हवं होतं की आंग बाहेर येण्यावर पोट फाडावंच लागतं असं नाही. ती शस्त्रक्रिया बहुतेकदा खालच्या नैसर्गिक वाटेनंच होते. पिशवी तिथूनच काढतात आणि सैल पडलेल्या मूत्राशयाच्या, गुदाशयाच्या भिंती तिथूनच आवळून शिवतात. पोटावर एकही टाका नाही. कॉन्राड लांगेनबेक नावाच्या जर्मन शल्यविशारदानं 1813 मध्ये या वाटेनं पिशवी काढली होती. ही काही कालची जादू नव्हे, दोनशे वर्षांची आहे. आणि आंग वर घ्यायचं काम आपल्याकडे कुणाला येत नव्हतं असंही नाही. गोव्याच्या शिरोड्यात जन्मलेले, मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगाला माहीत आहेत ते गर्भ टिकवण्याच्या टाक्यासाठी. पण तरुण वयात आंग खाली आलेल्या बाईची पिशवी न काढता पट्टीनं वर बांधून ठेवायची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावानं ओळखली जाते. मुंबईत हे चालू होतं आणि वसमत तालुक्यात आमची आजी लुगड्याची पट्टी बांधत होती.

आत्याचं ऑपरेशन 2014 मध्ये झालं, तेव्हा ती पासष्टच्या पुढं होती. माझी चुलतबहीण नर्स आहे. तिनं एकदा गोठ्यामागे पोतं उचललं आणि विचारलं, या कुणाच्या. तोवर घरात सॅनिटरी पॅड आले होते, पोरींच्या पट्ट्या नव्हत्याच. आत्यानं आधी नाकारलं, मग रडली. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून, खुर्चीवर समोर बसवून, तिच्याच भाषेत सांगितलं, "आत्या, तुमचं आंग आम्ही खालूनच काढणार. पोटाला हात लावणार नाही." आत्यानं तीनदा विचारलं, पोटाला खरंच नाही ना? रक्तदाब, साखर, हृदयाची पट्टी, छातीचा एक्स-रे झाला. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. आत्या जागी होती आणि भूलतज्ज्ञांना हळदीचा भाव सांगत होती. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली, चौथ्या दिवशी घरी. तीन महिने वजन उचलायचं नाही, असं बजावलं होतं. घरी आल्यावर मधल्या काकांनी, जे आयुष्यात कधी आडाच्या वाटेनं घागर घेऊन गेले नव्हते, तीन महिने पाणी भरलं. गावानं बघितलं. काकांनी गावाकडं बघितलं नाही.

आत्या बरी झाली आणि एका संध्याकाळी मांडी घालून जेवायला बसली. आम्ही कुणीच काही बोललो नाही, पण सगळ्यांच्या लक्षात आलं.

मधल्या काकूंचं मात्र तसं नव्हतं, आणि हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर सगळ्याच म्हाताऱ्या बायांना टेबलावर घ्या असा याचा अर्थ होईल. त्यांचं हृदय दुबळं होतं. 2017 मध्ये त्यांना दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशनचा धोका घेऊ नये. सिलिकॉनची एक कडी आत बसवली, जी आंग वर धरून ठेवते. दर तीन महिन्यांनी जाऊन ती काढून, धुऊन पुन्हा बसवायची. दहा मिनिटांचं काम. काकू शेवटपर्यंत त्या कडीवर सुखानं हिंडल्या-फिरल्या, नर्सीला नामदेवाच्या जत्रेत गेल्या, औंढ्याला नागनाथाच्या पायऱ्या चढल्या. पंचेचाळीस वर्षं पट्टी बांधली होती त्यांनी. एक कडी, बस.

मायचा नंबर आला तो 2019 मध्ये, आणि तिला आंगाचा त्रासच नव्हता. पोट जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली तर अंडाशयावर गाठ. वय सदुसष्ट. पाळी गेल्यावर अशी गाठ निघाली की ती कर्करोगाची नाही ना याची खात्री करावीच लागते. रक्ताची तपासणी झाली, आणि दुर्बिणीनं काढायचं ठरलं. माय म्हणाली, "दुर्बिणीचं मला ठावं हाये, माझं झालंय." छत्तीस वर्षांनी तीच दुर्बीण, पण केवढी बदललेली. 1983 मध्ये डॉक्टर एक डोळा लावून आत बघत. आता कॅमेरा पोटात, चित्र पडद्यावर, आणि चार बोटभरही नसलेल्या छेदांतून कापणं, रक्त थांबवणं, शिवणं. दुर्बिणीनं पिशवी काढायची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत डॉ. हॅरी राइख यांनी 1988 मध्ये केली. तेच आजीचं शेवटचं साल. मायच्या गाठीसकट पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढून खालच्या वाटेनंच बाहेर आणली.

म्हाताऱ्या माणसाला या पद्धतीचे कष्ट वेगळे असतात, आणि डॉक्टरीणबाईंनी ते लपवले नाहीत. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात आणि टेबल डोक्याकडून खाली करतात, म्हणजे आतडी वर सरकून जागा मोकळी होते. पण त्यानं छातीवर, हृदयावर भार येतो. म्हणून पूर्ण भूल, म्हणून आधी हृदयाची सोनोग्राफी, आणि गरज पडली तर पोट उघडावं लागेल यावर आधीच सही. दुसऱ्या दिवशी माय उठून बसली आणि तिनं तक्रार केली ती खांद्याची. "ऑपरेशन पोटाचं, अन् खांदा कामून दुखतोय?" उरलेला वायू छातीच्या पडद्याला टोचतो आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं, दोन दिवसांत जातं, असं बहिणीनं समजावलं. ते गेलंही. तिसऱ्या दिवशी घरी, पंधरा दिवसांनी अहवाल आला, गाठ साधी होती. थोरल्या काकू तेव्हा हयात होत्या. त्यांनी मायचं पोट बघायला मागितलं. चार बारीक खुणा बघून त्यांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "एवढंच?"

मायच्या ऑपरेशनच्या आधीच्या ऑक्टोबरात पुण्याची बातमी टीव्हीवर आली होती. आईची पिशवी मुलीला बसवली, आणि त्या पिशवीत वाढलेलं बाळ जन्मलं. डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या चमूनं आईची पिशवी काढली होती ती दुर्बिणीनंच. आमच्या घरात पन्नाशीनंतर पिशवीला "आता काय कामाची" म्हणायची पद्धत होती. त्या दिवशी आत्या म्हणाली, "बघ, लेकीला पुन्यांदा कामी आली."

मायचं ऑपरेशन झालं त्याच 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचं प्रकरण उघडकीला आलं. शासनाच्या समितीसमोर 13 हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली निघाली, त्यातल्या कितीतरी तिशी-चाळिशीच्या. ऊसतोडीला आमच्या जिल्ह्यातूनही टोळ्या जातात. एका दिवसाचा खाडा नको म्हणून, साध्या जंतुसंसर्गावर कर्करोगाची भीती घालून धडधाकट पिशव्या काढल्या गेल्या. मला याचा जितका संताप येतो तितकाच आजीच्या पट्टीचा येतो. ज्या बाईला नको तिची पिशवी घाईनं काढली, आणि जिला हवं होतं तिला अडतीस वर्षं कुणी विचारलं नाही. दोन्ही ठिकाणी बाईच्या दुखण्याकडे नीट बसून, वेळ देऊन बघितलेलं नव्हतं, इतकंच. शस्त्रक्रिया चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. आत्याला ती लागत होती, मधल्या काकूंना नव्हती. हे एका डॉक्टरीणबाईंनी तपासून ठरवलं, म्हणून दोघी सुखी झाल्या.

आता आपल्या हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. 9 ऑक्टोबर 2024 रोजी त्याचं उद्घाटन झालं. नांदेडला मीटरगेजनं जायचे दिवस गेले. त्याच महिन्यात सत्तरीवरच्या सगळ्यांसाठी, उत्पन्नाची अट न घालता, 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड सुरू झालं. माय आणि आत्या दोघींचं काढून आणलं आहे.

तुमच्या घरात साठीच्या पुढची बाई असेल तर तिला एकटीला गाठून विचारा. आंग खाली येतं का, लघवी धरवत नाही का, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून गेलं का? शेवटच्या प्रश्नाला ती "हो" म्हणाली तर एक आठवडाही थांबू नका. पहिल्यांदा ती "नाही" म्हणेल. आत्याही नाहीच म्हणाली होती. पुन्हा विचारा.